वनवासाची खोली

साधेपणा त्यांच्या घरी टेम्पोतून आला. दोन हमालांनी तो धापा टाकत तिसऱ्या मजल्यावर चढवला: काचेच्या बरण्या, लाकडी झाकणांचे डबे, न रंगवलेल्या कापडाच्या पिशव्या आणि काथ्याचे ब्रश. नवरा दारात उभा राहून "जपून, जपून" म्हणत होता. घरातले जुने प्लास्टिकचे डबे अजून कितीतरी वर्षं टिकले असते. ते त्याच टेम्पोतून रवाना झाले.

"त्या डब्यांचं काय चुकलं होतं?" तिने विचारलं.

"चुकलं असं नाही. पण ते साधे दिसत नव्हते."

सासूबाई खुर्चीत बसून हे सगळं पाहत होत्या. त्यांचं अर्धं आयुष्य शिवणाच्या यंत्रावर, लोकांचे कपडे उसवून पुन्हा शिवण्यात गेलं होतं. त्या म्हणाल्या, "आमच्याकडेही साधेपणा होता. पण तो आणायला माणूस पाठवावा लागत नसे."

तिला साधेपणाचं वावडं नव्हतं. उलट, साबणाची उरलेली चकती नव्या वडीला चिकटवायची सवय तिने माहेराहून आणली होती. दूध डेअरीच्या प्रयोगशाळेत ती नोकरीला होती. दुधात पाणी किती, स्निग्धांश किती, आंबटपणा चढला आहे का, हे पाहायचं आणि आकडा लिहायचा. आकडा येईपर्यंत तोंड उघडायचं नाही, हा तिथला शिरस्ता. हळूहळू तो तिच्या अंगवळणी पडला आणि घरीही आला.

नवरा जाहिराती लिहायचा. ज्यांच्याकडे एक खुर्ची आहे त्यांना दुसरी कशी लागते, हे दिवसभर पटवून द्यायचं आणि संध्याकाळी घरी येऊन स्वतःची खुर्ची काढून टाकायची, असं त्याचं चाललं होतं. यात काही विसंगती आहे असं त्याला वाटत नसे. "मला आतून माहीत आहे ना, लोक कसे फसतात," तो म्हणायचा.

तो 'कमीत कमी मंडळ' नावाच्या एका गटात जाऊ लागला होता. मंडळाचे प्रमुख निवृत्त दंतवैद्य होते. आयुष्यभर त्यांनी लोकांचे दात उपटले होते, आणि आता ते त्याच उत्साहाने लोकांच्या घरांतलं सामान उपटत. "सुरुवातीला पोकळी जाणवते," ते सांगत, "मग जीभ सरावते."

मंडळाचा एक नियम नवऱ्याला फार आवडला. ज्या वस्तूबद्दल शंका असेल ती एका महिन्यासाठी नजरेआड करायची. महिन्याभरात कोणी मागितली, तर ती गरजेची. नाही मागितली, तर ती देऊन टाकायची. स्वयंपाकघराला लागून एक अडगळीची खोली होती. नवऱ्याने ती झाडून घेतली आणि तिचं नाव ठेवलं वनवास.

आधी इस्त्री वनवासात गेली. तिने कपडे घडी घालून गादीखाली ठेवायला सुरुवात केली. महिना उलटला. "बघ, कोणी विचारलंसुद्धा नाही," नवरा म्हणाला आणि इस्त्री गेली. मग मिक्सर गेला. त्याच्या जागी दगडी खलबत्ता आला. त्यात नवऱ्याने पहिल्या दिवशी मीठ कुटलं, फोटो काढला, आणि नंतर तो तिच्या वाट्याला आला. झाडलोटीचं यंत्र गेलं तेव्हा तिने केरसुणी उचलली. दर वेळी महिना सरायचा, घर जसंच्या तसं चालू असायचं, आणि नवरा समाधानाने मान डोलवायचा.

नियम खरा कळला तो फक्त चार वर्षांच्या छकुलीला. तिची बाहुली वनवासात गेली, तशी ती रोज सकाळी उठून दार ठोठावायची: "मला बाहुली पाहिजे." बाहुली परत आली. मग छकुलीने शहाणपणाने ट्रायसिकल, शिट्टी आणि एक रिकामं खोकंही मागून घेतलं.

"लेक हुशार निघाली," सासूबाई सुनेकडे बघत म्हणाल्या. "कुणावर गेली कुणास ठाऊक."

ती मात्र मागत नव्हती. एक तर या घरात मागणं म्हणजे हरणं झालं होतं. "तू नुसतं म्हण, लगेच काढून देतो," असं नवरा म्हणायचा खरा, पण पथ्य मोडणाऱ्या रोग्याला डॉक्टरांनी म्हणावं तसा. आणि दुसरं कारण ती स्वतःशीही धड कबूल करत नसे. कपड्यांच्या घड्या कोण घालतं, केर कोण काढतं, हे आज ना उद्या त्याच्या नजरेला पडेल, अशी ती वाट पाहत होती. समोर दिसतंय ते माणसाला दिसेलच, असं प्रयोगशाळेत धरून चालतात. तिने तेच घरीही धरलं होतं.

मग धुण्याचं यंत्र वनवासात गेलं, आणि पाणी गळ्याशी आलं.

डेअरीत जंतूंच्या तपासणीचा नवा विभाग निघणार होता. त्याचा प्रमुख निवडायला खात्याची परीक्षा होती. वरिष्ठांनी तिला बोलावून सांगितलं होतं, "बाई, तुम्ही बसाच. तुमच्यासारखे हात दुसऱ्या कोणाचे नाहीत. पण पुस्तकं वाचावी लागतील." ती वाचतही होती. रात्रीची जेवणं आटोपली, छकुली आजीच्या कुशीत शिरली आणि कपडे यंत्रात पडले, की तिला एक तास मिळायचा. दिवसभरात तेवढाच तास तिचा होता. बाकीचे डेअरीचे, नाहीतर घराचे.

यंत्र गेलं आणि तो तास न्हाणीघरात, चादरी पिळण्यात जाऊ लागला. पुस्तकातली खूण एकाच पानावर अडून बसली. रोज सकाळी कपाटात धुतलेले कपडे असायचे. नवरा त्यातला एक शर्ट काढायचा, घालायचा आणि जायचा. कपाटात ते कसे येतात, हा प्रश्न त्याला पडला नाही. झाडाला पानं कशी येतात, हा तरी कोणाला रोज पडतो?

महिना भरत आला तसा नवऱ्याने मंडळाला रविवारी घरी बोलावलं. मंडळी घर बघणार होती, आणि जाताना यंत्र घेऊन जाणार होती.

सात-आठ जण आले. बसायला खुर्च्या उरल्या नव्हत्या. वजनदार मंडळी गुडघे आवळत सतरंजीवर टेकली. दंतवैद्यांनी घरभर फिरून रिकाम्या भिंतींचं कौतुक केलं. ऐटीत बरण्यांवरून बोट फिरवलं.

"यंत्र कोणाकडे जाणार?" सासूबाईंनी विचारलं.

"माझ्या मुलीकडे," दंतवैद्य म्हणाले. "तिच्याकडे एक आहे, पण ते खालच्या मजल्यावर. वर जिन्याने कपडे न्यायचे म्हणजे फार व्याप."

"हो ना," सासूबाई म्हणाल्या. "गरजूलाच द्यावं."

एक गोऱ्यापान बाई सतरंजीवरून नवऱ्याच्या शर्टाकडे निरखून पाहत होत्या. "यंत्राशिवाय इतके स्वच्छ कपडे, भाऊ? आमच्याकडे तर नुसता ढीग साचला. शेवटी मी गुपचूप लॉन्ड्रीत देते."

"अहो, तीच तर गंमत आहे," नवरा खुलला. "गरजा कमी झाल्या की कामंही कमी होतात. सगळं आपोआप होऊ लागतं."

ती दारात पाण्याचे पेले घेऊन उभी होती. तिने पेले मंडळींसमोर ठेवले. बोटांची टोकं साबणाने सुरकुतली होती.

"आपोआप फक्त दूध नासतं," ती म्हणाली.

सगळ्यांनी तिच्याकडे पाहिलं. नवरा हसला. काहीतरी विनोद झाला असावा, असं त्याला वाटलं.

"म्हणजे काय, वहिनी?" दंतवैद्यांनी विचारलं.

"म्हणजे प्रयोग चुकलाय." तिचा आवाज चढला नव्हता. डेअरीत खराब नमुना परत पाठवताना ती याच आवाजात बोलायची. "यंत्र काढलं, हे यांनी पाहिलं. त्याच्या जागी काय आलं, ते पाहिलंच नाही. त्याच्या जागी मी आले. इस्त्रीच्या जागी मी, मिक्सरच्या जागीही मीच. वस्तू काढायची आणि तिथे माणूस उभं करायचं, मग वस्तू लागत नव्हती हे कसं ठरतं? माणूस लागत होतं एवढंच ठरतं."

सतरंजीवर कोणीतरी खाकरलं. गोऱ्यापान बाई पेल्यात पाहू लागल्या.

"अगं, मग तू मागायचं होतंस," नवरा म्हणाला. "नियम सोपा आहे."

"मागितलं नाही, ही माझी चूक. तुला दिसेल असं वाटलं, ही त्याहून मोठी चूक. तेव्हा प्रयोग पुन्हा करू. यंत्र आणखी एक महिना तिथेच राहू दे. फक्त त्याच्या जागी या वेळी तू ये."

नवऱ्याने आधाराला मंडळाकडे पाहिलं. दंतवैद्यांना वैज्ञानिक म्हणवून घ्यायची हौस होती. त्यांनी हनुवटी चोळली. "तर्काला धरून आहे," ते म्हणाले. "मुलीला काय, महिनाभर जिना चढेल." मंडळासमोर नाही म्हणणं शक्यच नव्हतं. नवरा म्हणाला, "अर्थात. आनंदाने."

त्याच संध्याकाळी जेवणं झाल्यावर तिने पुस्तकं उचलली आणि वनवासाच्या खोलीत गेली. यंत्रावरची चादर सारखी केली, त्याचंच टेबल केलं आणि दार लोटून घेतलं. पान उलटतंय न उलटतंय तोच दारावर टकटक झाली.

"अगं, साबण कुठे असतो?"

आणि एकदम नवऱ्याच्या आवाजात आनंद मावेना. "पण हे बघ, मी मागितलं. वनवासात गेलेलं मागितलं की ते बाहेर यायला पाहिजे. म्हणजे तू गरजेची ठरलीस. किती गोड आहे हे."

तिने दाराकडे पाहिलं. नियमाप्रमाणे तो बरोबर होता, आणि तिला रडू येईल असं वाटलं. गरजेची ती पहिल्यापासूनच होती. तिला हवा होता तो तास.

"तू साबण मागितलास," बाहेरून सासूबाईंचा आवाज आला. "तिला कुठे मागितलंस? साबण बादलीमागे आहे. आणि आधी बाह्या वर कर, नाहीतर धुवायला आणखी एक शर्ट वाढेल."

नवरा सुरुवातीला उत्साहाने धूत होता. चादर पिळताना त्याने फोटोसुद्धा काढायला लावला. आठवडा संपेपर्यंत त्याच्या विचारांना खोली आली. कपडे रोज धुणं ही निव्वळ सवय आहे, असं त्याने जेवताना मांडलं. पुढे, मळ हा बराचसा मनात असतो, असंही त्याचं मत झालं. शर्ट हुंगून पुन्हा खुंटीवर टांगला जाऊ लागला. छकुलीच्या बालवाडीतल्या बाईंनी प्रेमाने विचारलं, "हिचा हाच फ्रॉक फार लाडका दिसतो?" कचेरीत शेजारचा चित्रकार खिडकीपाशी बसायला गेला आणि परत आलाच नाही.

ती स्वतःचे कपडे स्वतः धूत होती, छकुलीचे मात्र नाही. ते न धुणं तिला सगळ्यांत जड गेलं. दोनदा हात बादलीपर्यंत गेला. सासूबाई म्हणाल्या, "मधेच हात घातलास तर आकडा चुकेल ना गं?" तिने हात मागे घेतला.

एका संध्याकाळी नवरा वनवासाच्या दारात येऊन उभा राहिला.

"यंत्राबद्दल माझं मत जरा विकसित झालंय," तो म्हणाला.

"मागतोयस का?"

"मागत नाही. पुनर्विचार करतोय."

"पुनर्विचारासाठी नियम नाहीये."

त्याने चौकटीला डोकं टेकलं. त्याचे हात तिला दिसले, लाल आणि साबणाने सुरकुतलेले. आपलेही असेच होते, हे तिने बोलून दाखवलं नाही. तोच आपल्या हातांकडे बघत होता.

"तू हे रोज करत होतीस," तो म्हणाला.

"हो."

"बोलली नाहीस."

"नाही."

"यंत्र पाहिजे," तो हळूच म्हणाला. "मागतोय."

"ने. पण त्याआधी मला टेबल आणून दे. यावर पुस्तकं आहेत."

दोघांनी मिळून यंत्र न्हाणीघरात सरकवलं. नळी जोडून झाल्यावर नवऱ्याने घाम पुसला. "छान. आता रोज ते लावायचं कोणी?"

"ज्याने मागितलं त्याने," सासूबाई म्हणाल्या.

हे एवढ्यावर थांबेल तर तो जाहिरातवाला कसला. त्याने मंडळात कळवलं की त्याला एक नवी दृष्टी मिळाली आहे. खरा साधेपणा वस्तूंचा नसतो, हातांचा असतो. घरातले हात मोकळे राहतील तेवढ्याच वस्तू काढाव्यात. दंतवैद्यांना हे इतकं पटलं की त्यांनी त्याचं जाहीर व्याख्यान ठेवलं. ही दृष्टी कोणाची, याचा उल्लेख पत्रिकेत नव्हता. तिने पत्रिका वाचली, खाली ठेवली आणि जंतूंचं प्रकरण उघडलं. त्या तासात दुसऱ्या कशासाठी जागा नव्हती.

व्याख्यान आणि परीक्षा एकाच सकाळी आली. ती चपला घालत होती तेव्हा नवरा कपाटात डोकं घालून उभा होता.

"अगं, पांढरा शर्ट दिसत नाहीये."

"यंत्रात असेल."

"यंत्रात आहे, पण..." त्याला आठवलं. "लावायचं राहिलं. टिपणं काढत बसलो होतो. आता काय घालू? पहिल्या रांगेत डॉक्टर असणार."

तिचा हात सवयीने पदराशी गेला, खोचायला. कपाटात खाली कुठेतरी एक बरा शर्ट होता, तिला जागा माहीत होती, आणि शोधायला फारसा वेळही लागला नसता. सासूबाईंनी कोपऱ्यातून तिच्याकडे पाहिलं, पण या वेळी त्या काही बोलल्या नाहीत.

"मळका घाल," ती म्हणाली. "विषयाला शोभेल."

तिने छकुलीची पापी घेतली, सासूबाईंना "येते" म्हटलं आणि जिना उतरू लागली. वरून नवऱ्याने दोनदा हाक मारली. दुसऱ्या हाकेपर्यंत ती रस्त्याला लागली होती आणि मनात जंतूंच्या वाढीचे टप्पे म्हणत होती. चौथ्या टप्प्याशी अडखळली, पुन्हा पहिल्यापासून सुरू केलं, आणि या वेळी शेवटपर्यंत गेली.