नदीचा ताप

घाटाच्या पायऱ्यांवर मुंगी शिरायला जागा नव्हती. कमरेइतक्या कोमट पाण्यात डोळे मिटून उभे असलेले बाबा लोकांना धीर देत होते. "नदीला ताप आलाय. तो मी माझ्या अंगात ओढून घेतो. पाणी गार पडलं, की आजाऱ्यांनी एकेक बुडी मारायची. औषधं बंद ठेवायची. एका रोग्याला दोन डॉक्टर चालत नाहीत."

लोक हसले. पाणी रोज भर उन्हात खरोखरच गार पडायचं. ज्याच्या पायाला ते झोंबलं, त्याला आणखी कसला पुरावा हवा?

गर्दीत मोजणीबाई उभी होती. नदीची पातळी आणि पाण्याचं तापमान मोजणाऱ्या कार्यालयातली ती इंजिनिअर; हे नाव लोकांनीच पाडलेलं. शेजारी तिची धाकटी बहीण, आणि बहिणीच्या खांद्यावर तापाने फणफणलेली भाची.

"अगं, दवाखान्यात चल."

"पाणी गार झाल्याशिवाय मी हलणार नाही. आणि ताई, तूच म्हणाली होतीस ना सगळ्यांसमोर, नदीला ताप येतो नि उतरतो?"

म्हणाली होतीच ती. वाचनालयातल्या भाषणात लोक जांभया द्यायला लागले, तेव्हा तिने सोपं करून सांगितलं, उन्हाळ्यात नदीला ताप येतो, धरणातून पाणी सोडलं की झटक्यात उतरतो. टाळ्या पडल्या, बाई फुलून गेली. मग एक गोडबोल्या गृहस्थ भेटायला आला. रोज नदीवर आंघोळ करतो, पाणी सोडण्याआधी कळलं तर बरं, म्हणाला. इशाऱ्यांच्या ग्रुपमध्ये त्याचा नंबर तिने स्वतःच्या हाताने घातला. तोच गृहस्थ आता दाढी वाढवून नदीत उभा होता.

इतक्यात तिचा फोन वाजला. धरणावर दुरुस्ती निघाली होती, म्हणून ठरलेलं पाणी उशिरा, आत्ता सोडलं होतं. बाबांचा फोन काठावर, कपड्यांच्या घडीत.

बाबांनी हात उंचावले. पाणी कोमटच. आवाज चढवला, तरी कोमटच. "इथे कुणाच्या तरी मनात शंका आहे," ते गरजले.

"माझ्या," मोजणीबाई म्हणाली. "बाबा, बाहेर या. सगळ्यांनी वरच्या पायऱ्यांवर चला. अर्ध्या तासात पाणी चढेल आणि आपोआप गार पडेल. बाबा, तुम्ही नुसते बसून राहा."

बाबांना बसावंच लागलं. चारचौघं भोवती उभी होती. बहिणीच्या पिशवीतला रुमाल भिजवून बाईने भाचीच्या कपाळावर ठेवला. आणि मग पाणी चढलं. बहिणीने हात बुडवला नि चटकन मागे घेतला. बर्फासारखं गार.

"मी इथूनच ओढला ताप," बाबा पुटपुटले.

बाईने त्याच पिशवीतून थर्मामीटर काढला. "उष्णता नाहीशी होत नाही, कुठेतरी जाते. अख्ख्या नदीची तुमच्या अंगात गेली असती, तर तुमची वाफ झाली असती. काखेत धरा."

बाबांचं तापमान चारचौघांसारखंच निघालं. कुणीतरी फस्सकन हसलं.

"मग ताप गेला कुठे?" एका आजोबांनी विचारलं.

"धरणात ऊन वरचं पाणी तापवतं. ते हलकं, तरंगत राहतं. गार पाणी जड, म्हणून तळाशी. वीज करायला सोडतात ते तळाचं. गरम पाणी पुढे वाहून गेलं, मागून हे आलं. कधी येणार हे या बाबांना फोनवर कळत होतं. आणि ती सोय मीच करून दिली." तिने बाबांकडून थर्मामीटर परत घेतला. "ताप हा शब्दही माझाच. नदी तापते. ताप येतो तो माणसाला, आणि त्याला डॉक्टर लागतो. कुणी चमत्कार दाखवला तर एवढंच विचारा, आलं कुठून आणि गेलं कुठे. मी बोलले तरी विचारा."

बहीण भाचीला खांद्यावर घेऊन उठली.

दवाखान्यात डॉक्टरांनी भाचीची छाती तपासली आणि ऑक्सिजन लावायला सांगितला. "वाचेल. पण फार उशीर केलात. कुणाच्या सांगण्यावरून थांबला होतात?"

बहीण भाचीच्या पायांवर चादर ओढू लागली.

"माझ्या," मोजणीबाई म्हणाली.