चाखेकाकांची जीभ

बाहेर जेवायला गेलं की माझी उलटतपासणी सुरू होते. "दूध नाही चालत? दही? बरं, तूप तरी?" मी मान हलवत राहते. शेवटी वेटरला दया येते आणि तो काकडी सुचवतो. जनावराचं काही खायचं नाही असं ठरवल्यापासून मी इतकी काकडी खाल्ली आहे, की आता तिची शिसारी आली आहे.

बाबांना माझं हे खूळ म्हणजे घरभेदीपणा वाटायचा. त्यांचा सगळा जन्म डेअरीत गेला. आलेल्या प्रत्येक कॅनमधलं चमचाभर दूध चाखायचं, जरा आंबूस लागलं की कॅन परत. यंत्रं आली तरी शेवटचा शब्द त्यांच्या जिभेचाच. तिथे सगळे त्यांना चाखेकाका म्हणत. "ज्या दुधावर वाढलीस, त्यालाच नावं ठेव," म्हणाले आणि त्यांनी माझ्याबरोबर जेवणं सोडलं.

मग त्यांना घशाचं दुखणं निघालं. रेडिएशनचे शेक दिले. जिभेची चव जाईल, परत येईलच असं नाही, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलं होतं. बाबा कसले मानतात! "तुझ्या हाताची चव गेली," असं आईलाच सुनावून ते ताट सरकवायचे. खंगून अर्धे झाले. आई फोनवर रडायची. "मीठ घातलेलं असतं गं मी. मला आठवतं ना."

आणि अचानक त्यांचा फोन आला. "बाहेर जेवू. तू आणि मी."

स्टँडसमोरचं साधंच हॉटेल, ओल्या फडक्याने पुसलेली टेबलं. मी तोंड उघडायच्या आत बाबाच वेटरला म्हणाले, "एक सूप आणा. हिला दूध, दही, लोणी, तूप, साय, काही चालत नाही. आचाऱ्याला नीट सांगा."

सायसुद्धा विसरले नव्हते. मला भरून आलं.

"काळजी नको काका. सूपवर वरून काही टाकणार नाही."

बाहेर खाऊन खाऊन 'वरून' या शब्दाची मी धास्ती घेतली आहे. वरून नाही म्हणजे आतून आहे. एरवी उठून थेट भटारखान्यात गेले असते. पण इतक्या दिवसांनी बाबा समोर बसले होते, मोडता कुठे घालू?

सूप आलं. मी चमचा उचलला तर बाबांनी माझा हात धरला. "थांब." वाडगा स्वतःकडे ओढला, डोळे मिटले आणि सूपचा घोट या गालातून त्या गालात फिरवला. अगदी डेअरीत करायचे तसं. शेजारच्या टेबलावरचे बघायला लागले.

"लोण्याचा टिपूस नाही. खुशाल खा."

मी घोट घेतला. लोणी होतं. कांदा लोण्यातच परतलेला होता, आणि लोणीही खवट. चाखेकाकांनी असलं लोणी दारातूनच परत पाठवलं असतं.

बाबा माझ्या तोंडाकडे बघत होते. आपला चमचा त्यांनी अजून हातात घट्ट धरला होता. "काय? बरोबर ना?"

ते कशासाठी आले होते, हे मला तेव्हा कळलं. घरात त्यांना कुणाला विचारायची सोय नव्हती. खरं कोण सांगेल, तर दुधाचा थेंबही जिला खपत नाही ती लेक.

"बरोबर," मी म्हणाले. "तुमच्या जिभेला कोण फसवणार?"

ते मोठ्याने हसले. किती दिवसांनी! "म्हणे जीभ गेली! दर रविवारी येत जाऊ. मी चाखून देईन, तू बिनधास्त खात जा." मी वाडगा निपटून काढला. त्यांनी वेटरला हाक मारली. "असंच अजून एक आणा. हिला आवडलंय."

मग खिशातून फोन काढून त्यांनी आईला लावला. "ऐकलंस का? जीभ शाबूत आहे माझी. तुझाच हात बिघडलाय. विश्वास नसेल तर लेकीला विचार." आणि फोन माझ्या कानाला लावला.

आईने हळूच विचारलं, "खरंच का गं? म्हणजे मीठ मीच विसरते?"

बाबा हसत माझ्याकडे बघत होते.

"हो आई," मी म्हणाले.