समजलं ना?

विद्यापीठात तिच्या नवऱ्याला पोरं ‘समजलंसर’ म्हणायची. गणित शिकवताना दर दोन ओळींमागे, फळ्याकडे तोंड ठेवूनच तो विचारायचा, समजलं? आणि अख्खा वर्ग एका सुरात ‘हो’ म्हणून मोकळा व्हायचा. परीक्षेत त्या ‘हो’ची काय दशा व्हायची ते पेपर तपासणाऱ्यालाच ठाऊक. तिला याचं भारी हसू यायचं. आज तोच समजलंसर अतिदक्षता विभागात काचेपलीकडे नळ्यांमध्ये निपचित पडला होता, आणि बाहेरच्या बाकावर बसून ती स्वतःच्याच नावाने बोटं मोडत होती.

का मोडू नयेत? ज्या मापाने ती सगळ्या विद्यापीठाला मोजत फिरत होती, ते माप घरात आणायचं तिला सुचलं नव्हतं.

तीही तिथेच शिकवायची, आरोग्यशास्त्र. विद्यार्थ्यांना आणि प्राध्यापकांना आजाराचं, औषधाचं कितपत कळतं हे मोजण्याचं काम तिने वर्षभर चालवलं होतं. औषधाचं पाकीट हातात द्यायचं आणि विचारायचं, ही गोळी कधी घ्याल, कशाबरोबर घेणार नाही, बंद कधी कराल? विद्यार्थी निदान प्रामाणिक होते. मॅडम, आम्ही सरळ आईला फोन लावतो, असं सांगून हसायचे. प्राध्यापकांच्या मात्र नाकाला मिरच्या झोंबायच्या. आता आमची परीक्षा का, म्हणायचे आणि डॉक्टरांचं बोलणं समजतं का या प्रश्नापुढे ‘अगदी सहज’वर खूण करून चहाला पळायचे. शेवटी तिने नियमच करून टाकला. ‘समजलं का’ असं कुणालाही विचारायचं नाही. हो म्हणायला काय जातंय? ऐकलेलं ज्याने त्याने आपल्या शब्दांत सांगायचं, तरच गुण द्यायचे. हाताखालच्या मुलींकडून हे तिने इतकं घोटून घेतलं होतं की त्या बिचाऱ्या तिची नक्कल करायच्या.

आणि नवऱ्याच्या हृदयाच्या नळीत स्टेंट बसवून त्याला घरी सोडलं, त्या दिवशी काय झालं? डॉक्टरांनी गोळ्या समजावल्या. रक्त पातळ ठेवणाऱ्या दोन आहेत, आम्ही सांगेपर्यंत एकही बंद करायची नाही, म्हणाले. मग हसून म्हणाले, तुम्ही दोघं प्राध्यापक, तुम्हाला जास्त काय सांगायचं, समजलं ना? नवरा म्हणाला, समजलं. तीही म्हणाली, समजलं. बॅग उचलली आणि निघाले. दुसऱ्या कुणी असं केलं असतं तर तिने त्याला शून्य दिलं असतं.

पुढे दात घासताना त्याच्या हिरड्यांतून रक्त यायला लागलं. स्वारीने हिशेब मांडला. दोन्ही गोळ्या एकच काम करतात, मग एक जास्तीचीच झाली की. परस्पर एक बंद करून टाकली, बायकोला पत्ता नाही. आज सकाळी छातीवर हात दाबून तो खाली बसला, तेव्हा कुठे रुग्णवाहिकेत त्याने तिला हे सांगितलं. वर म्हणाला, ‘‘चुकलं का गं माझं?’’ एरवी तिने त्याला फाडून खाल्लं असतं. पण त्याचा चेहरा घामाने थबथबला होता. तिने नाही म्हटलं आणि त्याचा हात घट्ट धरला. त्यानंतर तो बोललाच नव्हता.

दार उघडून डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. वयाने लहान, चेहरा ओढलेला. भराभरा बोलत होत्या. स्टेंटमध्ये गुठळी, नळी उघडली, पंपिंग, आधाराचं यंत्र, धोका, सही. शब्द सगळे तिच्या रोजच्या वापरातले, पण एकही आत शिरेना. काचेतून नवऱ्याची फक्त पावलं दिसत होती आणि मोजे कुणी काढले असतील, याच विचारात ती अडकली होती.

‘‘समजलं ना, मॅडम?’’

‘‘हो,’’ ती म्हणाली.

डॉक्टरीणबाई वळल्या. धावत जाऊन तिने त्यांची बाही धरली.

‘‘थांबा. मला काडीचंही समजलेलं नाही. मीच खोटं बोलले. परत सांगा, सावकाश. मग मी माझ्या शब्दांत सांगते. चुकलं तर चुकलं म्हणा.’’

त्या बाकावर तिच्याशेजारी बसल्या आणि सावकाश सांगू लागल्या. ती खाली मान घालून ऐकत राहिली. सांगून झाल्यावर तिने ओठ ओले केले. वर्षभर ज्यांना ज्यांना तिने असं बोलायला लावलं होतं, त्यांचे घाबरलेले चेहरे तिला आठवले.

‘‘त्याचं हृदय आता स्वतःहून पुरेसं चालत नाहीये,’’ ती म्हणाली. ‘‘यंत्र लावलं तर थोडा वेळ मिळेल, पण यंत्राने हृदय बरं होत नाही. नाही लावलं तर तो आजच जाईल. आणि लावलं तरी... लावलं तरी तो घरी येईल असं तुम्हाला वाटत नाही.’’

बोलून ती थांबली. सगळा जीव डोळ्यांत आणून तिने त्यांच्याकडे पाहिलं. चुकलं म्हणा, शून्य द्या मला, एवढंच तिला हवं होतं.

डॉक्टरीणबाईंनी तिच्या हातावर हात ठेवला.

‘‘बरोबर आहे,’’ त्या म्हणाल्या.