तीनशे बारा नोंदी आणि कोरी वही

सहाय्य केंद्राच्या दाराबाहेरील माणसे मोजणाऱ्या यंत्राने अकरा आठवड्यांत तीनशे बारा वेळा माणूस टिपला. त्याच काळात केंद्राच्या वहीत एकही नाव चढले नाही.

परदेशातून आलेल्या आणि आपापल्या घरातून पहिल्यांदाच कॉलेजची पायरी चढलेल्या मुलांसाठी विद्यापीठाने हे केंद्र मोठ्या हौसेने उघडले होते. यंत्र बिघडले आहे, हे समुपदेशक बाईंचे निदान. उपकरणांची प्रयोगशाळा माझ्याकडे असल्याने तपासणी माझ्या गळ्यात पडली. मी दारासमोरून पन्नास वेळा गेलो. यंत्राने पन्नास मोजले. बोळ पुढे बंद आहे आणि बाई मागच्या दाराने येतात, म्हणजे वाटेने जाणारेही कोणी नाही. मग मी समोरच्या बाकावर बसून राहिलो.

पावणेचारला माझ्याच वर्गातली, परदेशातून आलेली एक मुलगी आली. जाड चष्म्यामुळे तिला सगळे दुर्बीण म्हणतात. तिने काचेतून आत पाहिले, चार मिनिटे थांबली आणि वळली. तिच्या हातात प्रवेश कायम ठेवण्याचा अर्ज होता. मुदत त्याच दिवशी चारपर्यंत. बाईंची सही नसेल तर प्रवेश रद्द, आणि प्रवेशाबरोबर व्हिसा आणि या देशातला मुक्कामही.

आत का गेली नाहीस, असे मी विचारले.

"मॅडम कामात आहेत, सर."

"त्यांचं काम म्हणजे तूच."

"बाबा तिकडे, आमच्या देशात, ऑफिसात शिपाई आहेत. ते सांगतात, साहेबांनी मान वर केल्याशिवाय दार ढकलायचं नाही. मी मंगळवारपासून बघतेय."

"मग?"

"मान खालीच आहे."

इतरही असेच येऊन जातात, असे तिच्याकडून कळले. कुणाचे वडील हमाल, कुणाची आई सफाई कामगार. शिस्त सगळ्यांची एकच. एकाला तर बाईंचा भांग पाठ झाला आहे म्हणे.

मी दार ढकलले आणि तिला पुढे केले. बाई संगणकाच्या पडद्यावरून नजर न काढता म्हणाल्या, "दोन मिनिटं. एवढं संपलं की मी मोकळीच आहे." मी अर्ज त्यांच्या कीबोर्डवर ठेवला. सहीला सात सेकंद लागले. वहीत पहिले नाव चढले तेव्हा चारला सहा मिनिटे कमी होती.

तपासणीचा निष्कर्ष असा: यंत्र निर्दोष आहे. मुले येत होती आणि बाईंनी मान वर करण्याची वाट पाहून परत जात होती. बाई मान वर करत नव्हत्या, कारण मुले केंद्रात का येत नाहीत याचा अहवाल त्या दहा आठवड्यांपासून लिहीत होत्या.