सतरा मिनिटांवरची बाल्कनी

बाबांनी तीस वर्षं शहर बससेवेच्या कचेरीत वेळापत्रकं बनवली. कुठली गाडी कुठून किती वाजता सुटणार, कुठल्या थांब्यावर किती वाजता पोचणार, हे सगळं त्यांच्या हातचं. निवृत्त होऊन दोन वर्षं झाली, तरी घरात कारभार तोच. आई शेजारी दोन मिनिटं जाऊन येते म्हणाली, तर परत आल्यावर तिला कळतं की चौतीस झाली. मला त्यांनी लहानपणीच 'विनाथांबा' असं नाव ठेवलं, कारण मी एकदा बोलायला लागले की मध्ये कुणाला चढायला जागा देत नाही. खोटं कशाला बोलू, नाव शोभतं मला.

तर अशा माणसाकडे मी माझी खोली शोधायचं काम दिलं. हौस म्हणतात ती हीच.

नोकरी नुकतीच लागली होती, मोठ्या रुग्णालयात, भूल विभागात. भूल डॉक्टर देतात, पण त्याआधी मशीन तपासायचं, नळ्या जोडायच्या, ऑक्सिजनचा दाब बघायचा, हे तंत्रज्ञाचं काम. म्हणजे माझं. आणि मला ते फार चांगलं येतं, हे इथेच सांगून टाकते. नंतर कुणी म्हणायला नको की पोरगी लाजली.

सोमवारपासून माझी ऑन कॉलची पाळी सुरू होणार होती. त्या दिवसांत घरी बसायचं, पण फोन आला की वीस मिनिटांत हजर. आमच्या विभागाच्या मुख्य बाईंनी पहिल्याच दिवशी समोर बसवून सांगितलं, "वीस मिनिटं म्हणजे मशीनपाशी. फाटकात नाही. तीन महिने बघणार आम्ही. दोनदा उशीर झाला, तर तिसऱ्यांदा यायची तसदी घेऊ नकोस." हे त्या हसून म्हणाल्या, त्यामुळे जास्त भीती वाटली. माझ्याआधीचा मुलगा हुशार होता म्हणे. त्याचं कपाट आता मला मिळालंय. आत त्याचा एक मोजा राहिला होता.

आमचं घर शहराच्या पार दुसऱ्या टोकाला, दीड तासावर. तेव्हा रविवारपर्यंत खोली घेणं भागच होतं.

बाबांनी आठवडाभरात दोन खोल्या पक्क्या केल्या. खरं तर एकच. दुसरी मी शोधली होती आणि त्यांनी ती नुसत्या भुवईने बाद केली होती. ती रुग्णालयाच्या मागच्या रस्त्यावर, कपडे धुऊन इस्त्री करून देणाऱ्या दुकानाच्या वर. बाहेरून लोखंडी जिना. खालून दिवसभर वाफ आणि साबणाचा वास. खिडकी एकच, आणि तिच्यातून दिसतं काय, तर रुग्णालयाचं मागचं फाटक आणि कचऱ्याचे डबे.

"इस्त्रीच्या दुकानावर?" बाबा म्हणाले. "एवढं शिकवलं ते वाळत पडायला?"

आणि त्यांची खोली! तिसरा मजला, दोन्हीकडून उजेड, स्वतंत्र स्वयंपाकघर, आणि बाल्कनी. एक खुर्ची, एक कुंडी आणि मी, एवढं आरामात मावेल अशी. घरमालक सभ्य, भाडं परवडणारं. बाबांनी खिशातली वही काढून मला हिशोब दाखवला: घर ते थांबा दोन मिनिटं, बस अकरा, थांबा ते फाटक चार. एकूण सतरा.

"तीन मिनिटं हातात," ते म्हणाले. "आणि ही गाडी माझ्या हातची आहे. कधी चुकत नाही."

आता खरं सांगते. सतरात काहीतरी राहिलंय, हे मला तिथेच जाणवलं होतं. पण मी बाल्कनीत उभी होते ना! आयुष्यात पहिल्यांदा जागा माझी, दार माझं, बाहेर बघायला काहीतरी. मी मनात कुंडीसुद्धा ठेवली होती. म्हटलं, बाबा सांगतायत ना सतरा, मग सतरा. स्वतःलाच गंडवायचं असलं की घरातला मोठा माणूस बरा सापडतो.

पण तो मोजा काही डोक्यातून जाईना. शनिवारी संध्याकाळी घरमालकाला होकार कळवायचा, त्याआधी मी म्हटलं, "बाबा, एक रंगीत तालीम करू."

"कशाला? गणित समोर आहे."

"मग गणित घाबरतंय कशाला?"

ते चिडले आणि तयार झाले. घरमालकाने चावी दिली. आईला घरी सांगून ठेवलं, दोन ते पाचच्या मध्ये कधीही फोन कर, आधी काही कळवू नकोस. आम्ही रिकाम्या खोलीत जमिनीवर बसलो. बाबांच्या मांडीवर वही, हातात घड्याळ. ऑन कॉलला माणूस घरी जसा असतो तशीच मी बसले, पाय पसरून, केस मोकळे, चपला दाराशी.

तीन वाजून दहा मिनिटांनी फोन वाजला.

"निघ गं बाई, पेशंट आलाय," आई म्हणाली, आणि लगेच, "जेवलात का दोघं?"

"आई, फोन ठेव!"

केस बांधले, ओळखपत्र शोधलं, चपला घातल्या, बाहेर आले तर कुलूप आत राहिलेलं. दोन मिनिटं. लिफ्ट तळमजल्यावर, कुणीतरी दार उघडं ठेवलेलं. जिन्याने खाली. बाबा कठड्याला धरून मागून येत होते. आणखी दोन. थांब्यापर्यंत दोन मिनिटं पळत गेलो, आणि आमच्या डोळ्यांदेखत बस निघून गेली.

"पुढची सात मिनिटांनी," बाबा म्हणाले. धाप लागलेली, पण आवाज पक्का.

सात मिनिटं मी त्या थांब्यावर उभी होते. सात मिनिटं किती मोठी असतात, हे उभं राहिल्याशिवाय कळत नाही. टॅक्सी त्या भागात दिसतच नव्हती, आणि स्कूटर मला येत नाही. सातव्या मिनिटाला बस वळणावर दिसली, तसे बाबा खुलले.

"बघितलंस? ठरल्या मिनिटाला! मी सांगितलं होतं की नाही!"

बस अकरा मिनिटांत पोचली. चार मिनिटांत फाटक. मग चौथ्या मजल्यावरचा विभाग, आणखी तीन. मशीनच्या खोलीच्या दारापाशी उभी राहून मी घड्याळ बघितलं. एकतीस मिनिटं. बाबा मागून आले आणि वही उघडून म्हणाले, "दोन, अकरा, चार. सतरा. एक मिनिटसुद्धा इकडचं तिकडे नाही!"

मग मात्र माझं डोकं सटकलं. त्या पॅसेजमध्येच मी सुटले. "बाबा, आत टेबलावर माणूस आडवा असतो! त्याचं पोट फाटलंय, डॉक्टर हात धुऊन उभे आहेत, मशीन बंद आहे, आणि मी कुठाय? थांब्यावर! त्याला सांगू का, गाडी ठरल्या मिनिटाला आली म्हणून? तुमची सतरा मिनिटं गाडीची आहेत. माझी कुठायत? सांगा ना, मी उभी होते ती सात मिनिटं कुठल्या रकान्यात लिहिलीत?"

एक नर्स वळून बघायला लागली. बाबांनी वहीत बघितलं, मग भिंतीकडच्या बाकावर बसले.

"तसा रकानाच नव्हता," ते म्हणाले. "तीस वर्षं गाडी किती वाजता सुटते ते लिहिलं. माणूस किती वेळ उभा राहतो, ते कधी लिहिलंच नाही गं."

माझा राग तिथल्या तिथे उतरला. इतकं वाईट वाटलं की काय सांगू. ओरडायला नको होतं, असं नाही म्हणत मी. ओरडायलाच हवं होतं. पण त्यांचा चेहरा बघवेना. मी शेजारी बसले आणि म्हटलं, "चूक तुमची एकट्याची नाही. मला बाल्कनी हवी होती. मीही मोजलं नाही."

"मिळेल बाल्कनी," ते म्हणाले. "तीन महिन्यांनी बघू."

"तीन महिन्यांनी मीच बघीन. तुम्ही नाही."

ते हसले. मग उठून मागच्या फाटकाने थेट इस्त्रीच्या दुकानात गेलो. दुकानवाल्या मावशींनी वरच्या खोलीची चावी काढून दिली आणि बाबांच्या शर्टाकडे बघून म्हणाल्या, "हा आधी द्या इकडे." घरमालकाला नकार मी स्वतः फोन करून कळवला. बाल्कनीचं दुःख झालंच. त्याच दिवशी एक कुंडी आणून लोखंडी जिन्याच्या वरच्या पायरीवर ठेवली, मग जरा बरं वाटलं.

सोमवारी बाबा फळी ठोकायला आले होते. मी पलंगावर बसून त्यांच्या चुका काढत होते, आणि अकरा वाजता फोन वाजला. या वेळी आई नव्हती. मुख्य बाईंचा आवाज, दोनच शब्द: "ये. तातडीचं."

ओळखपत्र खिळ्याला, चपला दाराशी, केस बांधलेले. "बाबा, कुलूप तुम्ही लावा," एवढंच म्हणाले आणि जिना उतरले. रस्ता, मागचं फाटक, चार मजले. मशीन तपासलं, नळ्या जोडल्या, दाब बघितला. डॉक्टर आत आले तेव्हा मी हातमोजे घालून उभी होते. मुख्य बाईंनी भिंतीवरच्या घड्याळाकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं, आणि आपल्या कामाला लागल्या. काम करताना नळी एकदाही चुकली नाही. माझी चुकतच नाही.

परत आले तेव्हा दुपारचे अडीच वाजले होते. फळी तशीच अर्धी ठोकलेली. बाबा खिडकीपाशी, कचऱ्याच्या डब्यांकडे तोंड करून उभे.

"पेशंट बरा आहे," मी म्हटलं. मग कमरेवर हात ठेवून विचारलं, "हं, सांगा आता. फोन वाजल्यापासून फाटकापर्यंत किती मिनिटं लागली?"

बाबांनी मनगटाकडे बघितलं. मग ओशाळून माझ्याकडे.

"बघायचंच राहिलं गं," ते म्हणाले. "तू फाटकातून आत गेलीस, तेवढंच बघितलं."