मखमल आणि ठिगळ

लग्नाला इतकी वर्षं झाली, तरी सासूबाई फ्रेमवाल्या जावयाशी कधी सरळ बोलल्या नव्हत्या. भांडण नव्हतं, अबोलाही नव्हता. त्या बोलायच्या, पण मुलीमार्फत. तो समोरच्या खुर्चीत बसलेला असायचा आणि त्या मुलीला म्हणायच्या, "ह्यांना चहा हवा का विचार." मुलगी मान वळवून विचारायची, तो उत्तर द्यायचा, आणि ते स्वतःच्या कानांनी ऐकूनही मुलगी परत सांगेपर्यंत सासूबाई थांबायच्या. घरच्यांनी पाहिलेलं चांगलं स्थळ सोडून मुलीने तसबिरींना चौकटी बसवणाऱ्याशी परस्पर लग्न लावलं होतं, त्याचा हा राग. राग केव्हाच विरून गेला होता. राहिली होती ती सवय, आणि ती आधी मोडायची कुणी, हा प्रश्न कुणीच काढत नव्हतं.

ती मोडली एका कुत्रीमुळे. सासूबाईंच्या बहिणीच्या डोळ्याचं ऑपरेशन निघालं आणि त्यांना काही दिवस तिकडे जाणं भाग पडलं. त्यांची मखमल म्हणजे लांब तांबूस केसांची, जातिवंत, आईवडिलांचीच काय, पणजोबांचीही नावं कागदावर असलेली. वय वर्षाच्या आतलं. नेमकी तेव्हाच ती पहिल्यांदा माजावर आली होती. सासूबाई तिला घेऊन घराच्या पुढच्या खोलीतल्या दुकानात आल्या, मुलीला ओलांडून पुढे गेल्या आणि पट्टा थेट जावयाच्या हातात दिला.

"हिला तुम्ही सांभाळा," त्या म्हणाल्या. "माझी लेक दिवसभर कामावर. तुम्ही घरात असता आणि तुमचं लक्ष असतं. मोकळी सोडू नका, क्षणभरसुद्धा."

फ्रेमवाला इतका गांगरला की 'हो' म्हणायचंही विसरला. त्याने नुसता पट्टा छातीशी धरला. सासूबाई गेल्यावर त्याने बायकोला तीनतीनदा विचारलं की 'तुम्ही' म्हणजे तोच ना. बायको हसून हसून बेजार झाली.

पुढचे दिवस त्याने मखमलला तळहाताच्या फोडासारखं जपलं. फिरायला न्यायचं ते पट्टा हाताला गुंडाळून, रिकाम्या रस्त्याने. दुकानाच्या मागच्या खोलीत तिच्यासाठी खोका ठेवला, त्यात मऊ भुसा, त्यावर जुनी गोधडी. पुढच्या वर्षी तिचं सासूबाईंच्या मैत्रिणीकडच्या तशाच जातिवंत कुत्र्याशी ठरलं होतं. दोघी मैत्रिणी आत्तापासूनच एकमेकींना विहीणबाई म्हणत होत्या. फ्रेमवाला मखमलला ब्रश करताना तिला होणाऱ्या नवऱ्याचं कौतुक ऐकवायचा. ती जांभई द्यायची.

घोटाळा झाला तो सोन्याच्या वर्खामुळे. एका मोठ्या आरशाच्या चौकटीला वर्ख लावायचा होता. हे काम म्हणजे मोठं कटकटीचं. आधी चौकटीला चिकट थर द्यायचा, तो नेमका हवा तेवढा वाळू द्यायचा, आणि मग तो पुरता सुकायच्या आत एका बैठकीत सगळा वर्ख चढवायचा. मध्ये उठलात तर जोड दिसतो. पंखा बंद, खिडकी बंद, माणसानेसुद्धा श्वास बेताने घ्यायचा, कारण वर्ख नुसत्या फुंकरीने उडतो. आणि मखमलला शेपूट होतं. धन्याला कामाला बसलेला पाहून ती ते आनंदाने हलवू लागली, तशी वर्खाची दोन पानं उडून छताला चिकटली.

फ्रेमवाल्याने तिला मागच्या अंगणात ठेवलं. अंगणाला पुरुषभर उंच भिंत, फाटकाला कडी. ह्यात मोकळं सोडण्यासारखं काय आहे, असं त्याने मनाला समजावलं. त्याच भिंतीला टेकून पलीकडच्या गल्लीत त्याने स्वतःच लाकडाच्या पट्ट्या पायऱ्यांसारख्या रचून ठेवल्या होत्या, ते मात्र त्याच्या ध्यानात आलं नाही. अंगणातून धपकन आवाज आला तेव्हा चौकटीची एकच बाजू उरली होती. मग कुईकुई ऐकू आली. उरलेली बाजू संपवूनच उठू, असं तो मनाशी म्हणाला. हे असं फक्त वर्खवाल्यालाच सुचू शकतं.

उठून पाहतो तर मखमल आणि गल्लीतल्या लाँड्रीवाल्याचा कुत्रा ठिगळ एकमेकांकडे पाठ करून, अडकून उभे. ठिगळच्या अंगावर पांढरा, काळा, तपकिरी असे रंग कुणी उरलंसुरलं कापड जोडावं तसे होते, आणि एक कान कायमचा दुमडलेला. फ्रेमवाला बादलीकडे धावला, मग थांबला, आणि जनावरांच्या डॉक्टरीणबाईंना फोन लावला.

डॉक्टरीणबाईंनी त्याला आधी शांत केलं. पाणी ओतायचं नाही, काठी दाखवायची नाही, ओढून सोडवायला तर मुळीच जायचं नाही, दोघांनाही इजा होईल. दोघांना नुसतं धरून ठेवा, आपोआप सुटतील, वेळ लागला तरी घाबरू नका. मग तिला घेऊन या.

एवढ्यात ठिगळला शोधत लाँड्रीवाला फाटकाशी आला. त्याने पाहिलं, जीभ चावली आणि ठिगळला धरून मांडी घातली. फ्रेमवाला मखमलचं डोकं मांडीवर घेऊन बसला. दोघं बराच वेळ असे बसले, मध्ये वधूवर. शेवटी लाँड्रीवाल्याने घसा खाकरून सांगितलं की आमचा स्वभावाने गरीब आहे, कुणाच्या अध्यात ना मध्यात. फ्रेमवाल्याला रडावं की हसावं कळेना. तो म्हणाला की ते दिसतंच आहे. मग दोघंही हसू लागले, आणि हसताना कुत्री हलू नयेत म्हणून तोंड दाबून हसले.

दवाखान्यात डॉक्टरीणबाईंनी मखमलला तपासलं. कुठे इजा नव्हती. पण त्यांनी स्पष्ट सांगितलं की ही अजून पोरच आहे, हिच्यावर पिल्लांचा भार नको. पिल्लं राहिली की नाही हे काही आठवड्यांनी सोनोग्राफीत कळेल. राहिली असतील तर ती पाडायची इंजेक्शनं आहेत, किंवा माज उतरल्यावर गर्भाशय काढायचं ऑपरेशन आहे. म्हणजे मग पुन्हा कधीच पिल्लं नाहीत. घरगुती उपाय किंवा माणसांच्या गोळ्या चुकूनही द्यायच्या नाहीत. आणि माज अजून संपलेला नाही, तेव्हा पुन्हा अंगणात सोडाल तर खबरदार. हे म्हणताना त्या जरा हसल्या. निर्णयाची घाई नव्हती, पण तो मालकिणीने घ्यायचा होता.

मालकिणीने. कदाचित काही झालंही नसेल, आणि झालं असलं तर गुपचूप इंजेक्शनं देऊन मोकळं होता येईल, असा विचार फ्रेमवाल्याच्या मनात आलाच. तो काही देवमाणूस नव्हता. संध्याकाळी सासूबाईंचा फोन आला, तोही बायकोच्या नाही, त्याच्या फोनवर. मखमल कशी आहे? छान आहे, जेवली, तो म्हणाला. "तुमच्यामुळे मी निर्धास्त आहे हो," सासूबाई म्हणाल्या. त्या रात्री त्याने बायकोला सगळं सांगितलं.

बायकोने त्याची कीव केली. माझी आई आहे, मी सांगते, तुम्ही आत बसा, असं ती म्हणाली. सोपा मार्ग होता. पण तिने सांगितलं, तर सगळं पुन्हा पूर्वीसारखं होणार, ह्यांना विचार आणि त्यांना सांग. आयुष्यात एकदा त्या बाईने त्याच्या डोळ्यांत बघून काही सोपवलं होतं. ते बिघडलं हेही त्याच डोळ्यांत बघून सांगायला हवं होतं, मग पुढे जन्मभर बोलल्या नाहीत तरी चालेल. खरं म्हणजे चाललं नसतं. त्याला फार वाईट वाटलं असतं.

सासूबाई परतल्या त्या थेट दुकानात आल्या. मखमलने त्यांच्याभोवती पिंगा घातला. त्या खुर्चीवर टेकतात न टेकतात तोच फ्रेमवाल्याने सगळं सांगून टाकलं. वर्ख, शेपूट, भिंत, ठिगळ, उरलेली बाजू संपवून उठलो तेसुद्धा. डॉक्टरीणबाईंनी सांगितलेलं एकही वगळलं नाही. फोनवर खोटं बोललो, हेही सांगितलं.

सासूबाईंनी मखमलचं डोकं दोन्ही हातांत धरलं. मग दारात उभ्या असलेल्या मुलीकडे वळल्या. फ्रेमवाल्याने मान खाली घातली. झालं, संपलं, असं त्याला वाटलं.

"आई, ह्यांचं म्हणणं असं की—" मुलीने सवयीने सुरुवात केली.

"तू थांब," सासूबाई म्हणाल्या. "मला ऐकू येतं." त्या त्याच्याकडे वळल्या. "भिंतीला टेकून लाकडं रचून ठेवता? अक्कल कुठे गहाण टाकली होती? आणि कुईकुई ऐकूनसुद्धा माणूस उठत नाही?"

मग त्यांनी त्याला असं काही फैलावर घेतलं की बायको चहा करून आली तरी त्यांचं चालूच होतं. इतक्या वर्षांचं साचलेलं सगळं त्यात आलं. लग्नाला बोलावलं नव्हतं तेही आलं. फ्रेमवाला कान पाडून ऐकत होता. पण एकही वाक्य मुलीकडे गेलं नाही, आणि हे त्याच्या लक्षात आलं तसं त्याला आपला चेहरा गंभीर ठेवणं अवघड जाऊ लागलं.

दम लागल्यावर त्या थांबल्या. चहाचा घोट घेतला.

"तुम्ही होतात तिच्याजवळ," त्या म्हणाल्या. "तुम्हाला काय वाटतं, काय करावं?"

त्याने मखमलकडे पाहिलं. ती खोक्यात शिरून गोधडीचं टोक चावत होती.

"ऑपरेशन," तो हळूच म्हणाला. "तुमचं विहीणबाईंशी ठरलंय, ते मोडेल. पण ही अजून गोधड्या चावते हो. आई व्हायची हौस आपल्याला आहे, तिला कुठे आहे?"

सासूबाईंनी डोळे पुसले, रागाने, आपले डोळे भरल्याचाच त्यांना राग आला असावा. मैत्रिणीला काय सांगायचं ते मी पाहून घेईन, असं म्हणाल्या. बायकोने विचारलं की सकाळी दवाखान्यात डॉक्टरीणबाईंना भेटायला मी रजा काढून येऊ का.

"तू कशाला?" सासूबाई म्हणाल्या. "आम्ही दोघं जाऊ."