दोन पावलं मागे

मी एक कॅमेरा आहे, आणि दिसायला अगदीच सुमार. काळा, चौकोनी, साबणाच्या वडीपेक्षा थोडा जाड. दुकानात माझ्या शेजारी लांब नळीचे, दहा-दहा बटणांचे रुबाबदार भाऊबंद बसायचे. गिऱ्हाइकं त्यांना हात लावायची आणि माझ्यावरची धूळ तशीच राहायची. मला त्याचं काही वाटत नसे, असं मी आता म्हणतो. तेव्हा वाटायचं.

एके दिवशी एक सुतार आला. बाह्यांवर भुसा, उजव्या हाताची तीन बोटं करवतीने नेलेली. बरोबर बायको आणि चार वर्षांची मुलगी. बायकोला जन्मापासून ऐकू येत नव्हतं. ती हातांनी बोलायची आणि तोही तिच्याशी हातांनीच बोलायचा.

"साधा दाखवा," सुतार म्हणाला. "पडला-झडला तरी बंद पडता कामा नये. फोटो चांगले यावेत आणि व्हिडिओ तर हवाच. हिचं बोलणं फोटोत कसं मावणार?"

दुकानदाराने मला काढलं आणि काउंटरवर दोनदा आपटून दाखवलं. माझा जीव टांगणीला लागला.

"हा घ्या. एकदा दाबलं की सुरू, परत दाबलं की बंद. आणि आवाज इतका स्वच्छ, की टाचणी पडली तरी ऐकू येईल."

सुताराने ते बायकोला हातांनी सांगितलं. ती खो-खो हसली. "आवाजाचं काय लोणचं घालू?" तिने हातांनीच विचारलं. तरी मला पहिल्यांदा तिनेच उचललं.

त्या घरात मला सुट्टी नव्हती. मी शिडीवरून पडलो, सरसात लडबडलो, एकदा मुलीने मला आंघोळीच्या बादलीत बुडवून काढलं. तरी चाललो. सुतार आल्या-गेल्याला मला दाखवून म्हणायचा, "याला म्हणतात वस्तू." मी मनातल्या मनात फुगायचो.

मुलगी चालायची कमी आणि उड्याच जास्त मारायची. म्हणून आईने तिचं नाव हातांनी ठेवलं होतं: छातीपाशी डावा तळवा धरायचा आणि त्यावर उजव्या हाताची दोन बोटं टुणटुण उडवायची. त्यावरून सुतार तिला टुणी म्हणे. त्याच्या उजव्या हाताला अंगठ्याशिवाय एकच बोट उरलेलं, त्यामुळे त्याची टुणी एका पायावर उडायची. "तुझी मुलगी लंगडी," बायको चिडवायची, आणि तिघंही हसत सुटायची.

मग बायकोचं पोट दुखायला लागलं. दुखतच राहिलं. डॉक्टरांनी सुताराला बाहेर बोलावून घेतलं, आणि तो आत आला तेव्हा तिने काही विचारलंच नाही. माणसाचा चेहरा वाचण्यात तिचा हात कोण धरणार?

एका दुपारी टुणी शेजारी खेळायला गेली होती. बायको उशीला टेकून बसली आणि माझ्याकडे बोट करून सुताराला म्हणाली, "त्याला आण. मला टुणीशी बोलायचंय. आज नाही, ती अठरा वर्षांची होईल तेव्हा दाखव."

सुतार स्टुलावर बसला, मला दोन्ही हातांत धरलं, बटण दाबलं. आणि पुढे सरकला. अजून थोडा सरकला. माझ्या चौकटीत तिच्या चेहऱ्याशिवाय काही मावेना.

खुणांनी बोलणाऱ्याशी बोलताना कुणी हातांकडे टक लावून बसत नाही. बघायचं चेहऱ्याकडे, हात नजरेच्या कडेला आपोआप कळतात. इतकी वर्षं तो तिला तसाच वाचत आला होता. त्या दिवशीही तो माझ्या पडद्याकडे बघत नव्हता, माझ्यावरून थेट तिच्याकडे बघत होता. त्याला सगळं दिसत होतं. मला फक्त हनुवटीपर्यंत.

फळी कापण्याआधी दोनदा माप घेणारा माणूस, आणि तो इथे चुकला. मला ते पहिल्या मिनिटालाच कळलं. सांगणार कसा? मी लाल दिवा लावून बसलो. ती अकरा मिनिटं बोलली.

पुढच्या महिन्यात ती गेली.

सुताराने माझ्यासाठी एक लाकडी पेटी केली, मला तिच्यात ठेवलं आणि झाकणाला स्क्रू मारले. कुणी विचारलं तर म्हणायचा, "टुणीचं पत्र आहे. दुसऱ्याचं पत्र फोडू नये." चौदा वर्षं त्याने स्क्रूला हात लावला नाही.

टुणी अठरा वर्षांची झाली त्या सकाळी त्याने पेटी उघडली. मला चार्जिंगला लावलं. एकदाच दाबलं आणि मी सुरू झालो. इतकी लाज मला कधी वाटली नव्हती.

दोघं जेवणाच्या टेबलाशी बसून बघू लागली. चेहरा. भुवया वर जातात, ओठ हलतात, डोकं हलतं. हात नाहीत.

"बाबा, हात कुठे आहेत?"

व्हिडिओ संपला, सुताराने परत लावला, जणू या खेपेला हात येतील.

"मला दिसत होतं गं," तो म्हणाला. "तेव्हा मला सगळं दिसत होतं."

"मग सांगा ना, काय म्हणाली?"

त्याने सांगायला घेतलं. शाळा सोडू नकोस म्हणाली. बाबाला एकटं जेवायला बसू देऊ नकोस म्हणाली. मग तो अडखळला. पडद्यावर ती एकदम हसली, डोळ्यांत पाणी येईपर्यंत.

"इथे का हसली?"

"आठवत नाही, बाळा." आणि तो दोन्ही हातांत तोंड लपवून रडला.

टुणीने मला उचललं आणि कानाशी लावलं. का, कोण जाणे. व्हिडिओ अजून चालूच होता.

टप टप. टप टप.

तळव्यावर दोन बोटं. जिने ते केलं, तिला स्वतःला ते कधीच ऐकू आलं नव्हतं.

"बाबा, हे मीच ना?"

सुताराने कान लावला. मान डोलावली. मग दोघांनी डोकी जोडून अकराच्या अकरा मिनिटं ऐकली. टुणी बोटांवर मोजत होती. तिचं नाव एकोणीस वेळा आलं. त्या नावांच्या मधलं बोलणं मात्र सगळं गेलं.

आता मी तिच्या उशाशी असतो. माझी बॅटरी फार टिकत नाही, काचेवर चरा आहे, पण कान शाबूत आहेत. तुम्ही माझ्यासारखा एखादा घ्यायला जाल तेव्हा दुकानदाराला हवं ते विचारा. फक्त आपलं माणूस समोर बसलं की दोन पावलं मागे सरका, एवढंच मागतो.

काल टुणीने मला टेबलावर ठेवलं, बाबांना समोर बसवलं आणि पडद्यात नीट बघून घेतलं.

"मागे सरका, बाबा. अजून. हं, आता हात दिसतायत. माझं नाव घ्या."

सुताराने डावा तळवा पुढे धरला. त्यावर एक बोट उडालं. टप. टप.